रुकाराची जागा

वाळवी नव्हे, कसर.
वाळवी लागली असती तर विचारायलाच नको होतं.
कसरीनं नुसती भोकं पाडलीत, पानापानांतून आरपार.
बाराव्या पानावर एक काना खाल्लाय,
चाळिसाव्यावर अख्खा 'राजा'.

मी रावपुऱ्यातला बाइंडर.
खळीत मोरचूद घालतो,
नखांतला निळेपणा देवळात जातानाही निघत नाही.
लायब्ररीनं हे बाड पाठवलं, दुरुस्तीला.
वर भाषांतर खात्याचा पुसट शिक्का,
आणि नाव: रंगनाथ अप्पाजी टिपणीस, दांडिया बाजार.

पगार सरकारी, शाई सरकारी,
आणि काम काय नेमून दिलं, तर
सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका साहेबाचं म्हणणं
मराठीत आणायचं:
राज्य आभाळातून पडत नाही,
लोकांनी हो म्हटलं, म्हणून राजा.
एक तारखेला खजिन्यात सही करून पगार घ्यायचा
आणि दोन तारखेला हे वाक्य.

पहिली पानं सुखात गेली असावीत.
माणूस जन्मतो तो कोरी पाटी घेऊन,
हे त्याला शोधावं लागलं नाही,
पंतोजीही तेच म्हणत, छडी उगारून.
जमिनीत ज्यानं घाम कालवला, जमीन त्याची.
इथं अक्षर घाईचं झालंय,
जणू खिडकीतून कुणी बघत होतं.

मग तो शब्द येतो.
अनुमती. खोडलंय.
मान्यता. खोडलंय.
कबुली. (बाजूला बारीक: ही चोराची.)
राजीखुशी. (राजी कोण, खुशी कुणाची?)
संमती दोन दिवस टिकली, पुढली शाई वेगळी आहे,
मग तिच्यावरही आडवी रेघ.
शेवटी रुकार.
रुकारावर त्यानं टाक ठेवला.

त्याच पानाच्या समासात हिशेब:
वैशाख वद्य पंचमी. पाटल्या. आचारी दोन.
घोडा मांडवीतून, बोलणं व्हायचंय.
आणि त्याखाली, पेन्सिलीनं,
"ठकूला तेरावं. तिला विचारलं नाही."

बस्स.
पुढल्या पानापासून
जिथं जिथं तो शब्द यायला हवा
तिथं बोटभर कोरी जागा.
एकशे चौदा. मी मोजल्या.
वाक्य चालत येतं, ओढ्याशी थांबतं,
पलीकडे पुन्हा चालू लागतं, ओल्या पायांनी.

विद्यापीठातली निलोफर पठाण येते अधूनमधून,
हातमोजे घालून पानं बघते.
म्हणाली, "काका, याच साहेबाचे
गुलाम विकणाऱ्या कंपनीत शेअर होते."
मी दोऱ्याला मेण लावत होतो. लावत राहिलो.
"आणि सगळ्या पंथांना सामावून घ्या म्हणाला,
देव न मानणाऱ्याला मात्र दाराबाहेर."
मग वाचतेस कशाला?
"भांडायला. याच्याशी याच्याच शब्दांनी भांडता येतं.
सगळ्यांशी नाही येत."

लायब्ररीतून फोन आला:
भोकं बुजवाच, पण त्या गाळलेल्या जागाही
चांगल्या अक्षरात भरून घ्या कुणाकडून,
प्रदर्शनात बरं दिसेल.
बघतो म्हटलं.
भोकांवर पातळ जपानी कागद चिकटवला,
बोटानं दाबला, श्वास रोखून.
कोऱ्या जागांना ब्रश लावला नाही.
त्या कसरीनं खाल्लेल्या नाहीत.

एकदाच, शेवटाकडे, हसू आलं.
साहेब म्हणतो (म्हणजे टिपणीस म्हणतात),
राज्याच्या रस्त्यावरून माणूस नुसता चालला
तरी त्याचा            मिळाला असं धरावं.

संध्याकाळी शटर ओढतो.
न्यायमंदिरावरून, सूरसागराच्या कडेकडेनं घरी.
फुटपाथ खोदलाय, दिवाळीपासून,
म्हणून मधल्या रस्त्यावरूनच चालतो,
दर पावलाला न विचारता काहीतरी देत.

खिशात सोसायटीचा फॉर्म आहे,
बिल्डिंग पाडून नवी बांधायचीय.
बिल्डरच्या माणसानं पेन्सिलीनं फुल्या करून दिल्यात
सह्या कुठं करायच्या तिथं.
घर दोघांच्या नावावर.
शालनला अजून विचारलेलं नाही.